पुढचा डिस्क ब्रेक प्रेशर धरत नाहीये, दोन बाटल्या ऑइल संपलं

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी १५० सीसी, २०११ ची, वडिलांची. पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'ती गाडीच तसली' यावर पन्नास प्रतिसाद येतील आणि माझा ब्रेक तसाच राहील.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा ही अंगणात हँडलसकट बुडाली होती. पाणी उतरल्यावर आरशाला गवत गुंडाळलेलं आणि सीटवर कोणाच्या तरी घरातलं पातेलं. इंजिन ऑइल तीनदा बदललं, कार्बोरेटर धुतला, वायरिंग नवं केलं, गाडी चालू झाली. ब्रेक लागत होता म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात पुढचं चाक जड फिरायला लागलं. कॅलिपर (पॅडने डिस्क आवळणारा चिमटा) खोलला, पिस्टन जाम. आतलं ऑइल चहासारखं काळपट. पिस्टन साफ केला, नवी रबरं, नवे पॅड टाकून बसवला. तेव्हापासून लिव्हर थेट हँडलला टेकते.

ब्रेकच्या नळीतली एअर काढणं चालू आहे. लिव्हर दाबून धरायची, निपल (कॅलिपरवरचा एअर काढायचा स्क्रू) पाव आटा सोडायचा, बंद करायचा, मग लिव्हर सोडायची. चार संध्याकाळी हेच. पाव लिटरच्या दोन बाटल्या डॉट ४ ब्रेक ऑइल गेलं. आधी बुडबुडे येत होते, आता एकही येत नाही. ऑइल स्वच्छ येतं, पण धार नाही, नुसतं ओघळतं. कुठे गळतीही नाही, हँडलवरच्या ऑइलच्या डबीतली पातळी जागच्या जागी.

बायको लिव्हर दाबून दाबून कंटाळली आहे. काल म्हणाली, एवढ्यात स्वेटर विणून झाला असता.

दुहेरीसीट | सोमवार, रात्री ९:५५

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याही गाडीचं हेच रडगाणं आहे.

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:१०

पहिलं म्हणजे गाडी बाहेर काढू नका. नुसत्या मागच्या ड्रमवर परशुराम घाट उतरणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, कॅलिपर बसवल्यावर निपल वरच्या बाजूला आहे ना? हसू नका. आमच्या गॅरेजमध्ये एकाने बदलीचा कॅलिपर आणून बसवला होता. दिसायला हुबेहूब, पण उलट्या बाजूचा, निपल खाली. हवा वर जाऊन बसते आणि तुम्ही खालून ऑइल काढत बसता. जन्मभर काढलं तरी वरचा बुडबुडा तिथेच.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०:१८

निपल वरच आहे. कॅलिपर मूळचाच आहे. तरी काल तो सोडवून, पॅडमध्ये लाकडाची फळी घालून, निपल आकाशाकडे धरून पण काढून बघितली एअर. फरक शून्य.

चिकटपट्टी | सोमवार, रात्री १०:३१

सोपा उपाय. रात्री लिव्हर दाबून रबराने बांधून ठेवा. सकाळी कडक होते. माझी दोनदा झाली आहे.

तेलकटहात | सोमवार, रात्री १०:४०

चिकटपट्टी भाऊ, तो उपाय शेवटच्या दहा टक्क्यांसाठी आहे. लिव्हर थोडी स्पंजासारखी लागत असेल तर सकाळपर्यंत सुधारते. इथे लिव्हरला काही जोरच नाही. तापाला क्रोसिन देऊन चालेल, हाड मोडलंय त्याला क्रोसिन देऊन काय होणार.

धागाकर्त्यांना प्रश्न: लिव्हर भराभर पाच-सहा वेळा दाबली की थोडी वर येते का? आणि दाबून धरली तर टिकते की हळूहळू खाली बसते?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०:५२

आत्ता करून आलो. भराभर दाबली की किंचित अडते, मग धरून ठेवली की लोण्यात सुरी जावी तशी खाली जाते.

सुपारीबाग | सोमवार, रात्री ११:०५

मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरपाशी दाब तयार करणारा भाग) डबीच्या तळाशी दोन भोकं असतात. एक मोठं, एक सुईच्या टोकाएवढं. ते बारीक भोक पुराच्या गाळाने बुजलं असणार. शंभर टक्के तेच. बारीक तारेने मोकळं करा, काम होईल.

अर्धापाना | मंगळवार, सकाळी ६:२०

सुपारीबाग, भोक बुजलं असेलही, पण लक्षण जुळत नाही. जरा सविस्तर लिहितो. वाळूजला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उभी हयात गेली, तेव्हा राहवत नाही.

मोठं भोक पिस्टनच्या मागच्या बाजूला ऑइल पुरवतं. बारीक भोक पुढच्या रबरी कपाच्या अगदी तोंडाशी असतं. लिव्हर मोकळी असताना नळीतल्या ऑइलचा डबीशी संबंध या बारीक भोकातूनच असतो. लिव्हर जरा दाबली की कप ते भोक ओलांडतो, वाट बंद होते आणि तिथून पुढे दाब तयार होतो. ब्रेक तापून ऑइल फुगलं की जादाचं ऑइल याच भोकातून परत वर येतं. ते बुजलं तर ऑइलला परतीची वाट राहत नाही, ब्रेक चिकटून बसतो, चाक जड होतं. म्हणजे गेल्या महिन्यातल्या तक्रारीत त्याचा हात असू शकतो. पण दाबच न धरणं हा त्याचा गुण नाही.

तपासायला सोपं आहे. डबीचं झाकण काढा, लिव्हर अगदी हलकी, तीन-चार मिलिमीटर दाबा. बारीक भोकातून ऑइलचं इवलंसं कारंजं उठलं पाहिजे. डबीवर तोंड आणून वाकून बघू नका, डोळ्यात उडतं. टाकीवर ओलं फडकं घाला. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आता तुमच्या लिव्हरचं. दाबून धरल्यावर ती खाली बसते, बाहेर थेंब नाही, पातळी उतरत नाही. मग ऑइल जातं कुठे? कपाच्या कडेवरून मागे, आणि मागून मोठ्या भोकातून परत डबीत. घरातल्या घरात चोरी. माझी पैज मास्टरच्या कपावर आहे.

पण पैजेवर पैसे खर्च करू नका. आधी मास्टर वेगळा करून तपासा. मास्टरची नळी सोडवा आणि त्या तोंडात भरीव बोल्ट, वॉशर लावून कसून बसवा. आता मास्टरच्या पुढे नळी नाही, कॅलिपर नाही, काही नाही. लिव्हर दाबा. मास्टर ठीक असेल तर थोडीशी हलून दगडासारखी थांबेल आणि कितीही वेळ धरा, हलणार नाही. बसली, तर दोष मास्टरचा. दगड झाली, तर मास्टरला हात लावू नका, खाली शोधा.

रिकामटेकडी | मंगळवार, सकाळी ८:०२

काकांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

एक भर: हार्डवेअरच्या दुकानातून दहाचा बोल्ट आणून ठोकू नका. तिथे मिळतो तो १.५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये). ब्रेकचे आटे १.२५ किंवा १.० असतात. पहिले दोन आटे जातो, मग अडतो, आणि पुरुष मंडळी पान्याला पाइप लावतात. मास्टर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की गेला. तुमचा नळीचाच बोल्ट नमुना म्हणून घेऊन जा.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

ताई, 'पुरुष मंडळी' हे शेजारच्या खोलीतून वाचून दाखवण्यात आलं आहे. दखल घेतली.

खेर्डी एमआयडीसीत एक टर्नर ओळखीचा आहे. त्याच्याकडे नमुना देऊन आलो. म्हणाला १.२५ आहे, संध्याकाळी घेऊन जा.

जुनंतेसोनं | मंगळवार, दुपारी २:०९

म्हणून म्हणतो, ड्रम तो ड्रम. एक तार, एक नट. आमच्या बजाज चेतकला पंचवीस वर्षांत ब्रेक ऑइल नावाचा प्रकार माहीत नव्हता.

घाटमाथा | मंगळवार, दुपारी २:१४

आणि पंचवीस वर्षांत ती थांबली किती वेळा?

जुनंतेसोनं | मंगळवार, दुपारी २:२०

थांबायची. थोडं पुढे जाऊन.

मोफतसल्ला | मंगळवार, दुपारी ३:३०

एअर काढायला उगाच महागाचं ऑइल घालवताय. आधी साधं इंजिन ऑइल भरून एअर काढा, मग ब्रेक ऑइल टाका. आमच्याकडे असंच करतात.

अर्धापाना | मंगळवार, दुपारी ३:४१

कृपा करून कोणीही हे करू नका. या ब्रेकची रबरं ब्रेक ऑइललाच सोसतात. इंजिन ऑइल, ग्रीस, रॉकेल, पेट्रोल, काहीही लागलं की फुगतात. आधी बरं वाटतं, कारण फुगलेलं रबर घट्ट बसतं. चार दिवसांनी पिस्टन परत येईना होतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. नव्या रबरांचं किट बसवण्याआधी सगळे भाग ट्रेमधल्या पेट्रोलमध्ये खळबळून काढायची आपल्याकडे सवय आहे, तीही तितकीच वाईट. धुवायचं तर नव्या ब्रेक ऑइलने धुवा, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि कोरडं होऊ द्या.

डॉट ३, डॉट ४ आणि ५.१ ही एका जातीची. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. नाव सारखं म्हणून फसू नका.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ९:०५

काका, पैज जिंकलात.

बोल्ट लावला, दोन तांब्याचे वॉशर, कसला. लिव्हर दाबली. निम्म्यावर थोडी अडली, मी आरडाओरडा करून बायकोला बोलावलं, ती येईपर्यंत लिव्हर हँडलला टेकली. घड्याळ लावून तीनदा केलं, पाच-सहा सेकंदांत बसते. बोल्टखाली कोरडं ठणठणीत.

मग मास्टर खोलला. रबरी टोपी, आतली सर्क्लिप (तिचा प्लायर शेजाऱ्याकडून), पिस्टन बाहेर. पुढच्या कपाच्या कडेला एका जागी नखाने टोकरल्यासारखा तुकडा गेलाय, साधारण तांदळाच्या कणीएवढा. आत टॉर्च मारली तर बोअर (पिस्टन सरकतो ते भोक) तोंडाकडे अर्ध्यापर्यंत आरशासारखा आणि त्याच्यापुढे राखाडी पांढरट पट्टा. कान साफ करायची काडी फिरवली. चकचकीत भागात सरळ फिरते, पट्ट्यावर कापसाचे तंतू अडकून राहतात.

बारीक भोकही बुजलेलंच होतं, सुपारीबाग. पांढरी पूड. अर्धे मार्क तुम्हाला.

पण मला कळत नाही, कॅलिपर खोलायच्या आधी ब्रेक लागत होता. मास्टरला मी हातही लावला नव्हता. मग कप आत्ताच कसा फाटला?

अर्धापाना | मंगळवार, रात्री ९:४८

तुम्हीच फाडलात.

रागावू नका, सगळेच फाडतात. रोजच्या चालवण्यात लिव्हर निम्म्यापर्यंतच जाते. कप वर्षानुवर्षं बोअरच्या तेवढ्याच भागात येतो-जातो आणि तो भाग घासून लख्ख राहतो. त्याच्यापुढचा भाग कोणी वापरत नाही. पुराचं पाणी डबीच्या झाकणातून आत शिरलं, शिवाय हे ऑइल हवेतला दमटपणाही ओढतंच. तीन-चार वर्षं ते पाणी त्या न वापरलेल्या भागात बसून ॲल्युमिनियम खात राहिलं. तो तुमचा पांढरट पट्टा.

मग तुम्ही कॅलिपर रिकामा करून एअर काढायला बसलात. दाब नव्हता, तेव्हा लिव्हर हँडलला टेकेपर्यंत जायला लागली. कप पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावर गेला, आणि चार संध्याकाळी शेकडो वेळा गेला. किसणीवर नारळ.

म्हणून जुन्या गाडीची एअर काढताना लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा किंवा जाड रबर धरायचं, म्हणजे लिव्हर तळापर्यंत जातच नाही. वेळ दुप्पट लागतो. कप वाचतो.

तेलकटहात | मंगळवार, रात्री १०:०२

गॅरेज चालवतो सतरा वर्षं. गाडी आमच्याकडे येते तेव्हा ब्रेक लागत असतो, ऑइल बदललं की लागत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच बिघडवला. आज कळलं गिऱ्हाईक बरोबर होतं.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री १०:१५

मग आता? नवं किट टाकू? बोअर पॉलिश पेपरने घासून घेऊ?

अर्धापाना | मंगळवार, रात्री १०:२६

किट टाकलं तर आठ दिवस चालेल. घासायचं तर अजिबात नाही. आतल्या पृष्ठभागावर कडक थर दिलेला असतो, तो निघाला की खालचं मऊ ॲल्युमिनियम कपाला तोंड देऊ शकत नाही. अख्खा मास्टर सिलिंडर नवा घ्या. लिव्हरवर जीव टांगलेला असतो, इथे काटकसर नको.

आणि माप तेच घ्या. बॉडीवर कोरलेलं असतं, नाहीतर पिस्टन व्हर्नियरने मोजा.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, दुपारी १२:४०

व्हर्नियरने १२.७ आलं. दुकानदार ११ चा देत होता. 'सगळ्यांना हाच बसतो, स्वस्तही आहे.' बसतो हे खरं आहे, क्लॅम्पही जुळतो. घेऊ?

रिकामटेकडी | बुधवार, दुपारी १:०५

नको. १२.७ च्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १२७ चौरस मिलिमीटर, ११ चं ९५. म्हणजे तेवढ्याच हालचालीत ऑइल पाव भाग कमी सरकणार. लिव्हर मऊ आणि लांब लागणार, आणि परत इथे येऊन एअर निघत नाही म्हणणार.

याच हिशोबातून दुसरंही कळतं. स्ट्रोक (पिस्टनची एका दाबातली हालचाल) १० मिमी धरला तर तुमचा मास्टर एका दाबात जेमतेम सव्वा मिलिलिटर ऑइल ढकलतो. नळी मीटरभर आणि आतून ३ मिमी असेल तर नळीतच सात मिलिलिटर मावतं. रिकाम्या नळीत लिव्हरने ऑइल भरणं म्हणजे चमच्याने हौद भरणं. त्यात हवा वर पळते आणि तुम्ही तिला खाली ढकलता.

त्यापेक्षा उलटं भरा. मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणा. सिरिंज भरा, नळीतली हवा आधी काढा, कॅलिपरच्या निपलला लावा, निपल सोडा आणि हळूहळू ढकला. ऑइल खालून वर जातं, हवेला पुढे घालून डबीत आणतं. लिव्हर मोकळी हवी, म्हणजे बारीक भोक उघडं राहतं. डबीवर दुसरं कोणी दुसरी सिरिंज घेऊन उभं राहू दे, नाहीतर ती भरून वाहते.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, दुपारी १:१२

दुसरं कोणी स्वेटर विणायला बसलं आहे. विचारतो.

पुणेरीक्लच | बुधवार, दुपारी ४:५०

माझ्या गाडीला एबीएस आहे, तिलाही हेच चालेल का?

तेलकटहात | बुधवार, संध्याकाळी ५:१५

नुसतं ऑइल बदलायचं असेल तर पद्धत जवळपास तीच, डबी मात्र मध्येच रिकामी होऊ देऊ नका. हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा भाग) शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात, घरी निघत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता रोजचा झालाय.

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, रात्री ८:३०

१२.७ चा मास्टर कराडहून मागवला, आज आला. बसवण्याआधी डबीत ऑइल घालून तोंडावर बोट धरलं. दाबताना बोट ढिलं, सोडताना घट्ट. दहा-बारा वेळांनी बोटाला चांगला जोर लागायला लागला. मग नळी लावली, वॉशर नवे. खालून सिरिंज. डबीत आधी फेसाळ, मग मोठ्ठे चार-पाच बुडबुडे 'बुडुक' करून आले, मग स्वच्छ. अख्ख्या कामाला वीस मिनिटं. चार संध्याकाळी आठवून रडू आलं.

लिव्हर आता मधेच अडते. चाक हाताने फिरवून दाबलं तर थांबतं. पण पहिला थोडा भाग अजून पोकळ आहे, मऊ.

घाटमाथा | गुरुवार, रात्री ८:४४

मास्टरच्या तोंडाशी बॅन्जो (नळी पोकळ बोल्टने जोडलेली असते तो जोड) असतो ना, तिथे बघा. नळी आधी वर चढून मग खाली येत असेल तर त्या कमानीत एक बुडबुडा हमखास बसतो. हँडल असं वळवा की नळी मास्टरपासून सरळ उतरती राहील, आणि नळीला बोटाने टिचक्या मारा. तरी राहिला तर लिव्हर दाबून बॅन्जो बोल्ट किंचित ढिला करून लगेच कसायचा. खाली फडकं हवंच.

चिकटपट्टी | गुरुवार, रात्री ८:५०

आणि आता तरी रबराने बांधा!

तेलकटहात | गुरुवार, रात्री ८:५३

आता बांधा. चिकटपट्टी भाऊंचा नंबर आला.

वाशिष्ठीकाठ | शुक्रवार, सकाळी ७:१०

टिचक्यांनी एक मोठा आणि दोन बारीक बुडबुडे आले. रात्री सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर बांधली. सकाळी सोडली तर डबीत मोहरीएवढे दोन-तीन बुडबुडे वर आले आणि संपलं. लिव्हर दोन बोटांत कडक. दाबून धरून पूर्ण चहा प्यायलो, हलली नाही. बारीक भोकातून कारंजंही उडतं, पोराला दाखवलं.

गल्लीत चालत्या वेगाने वीस-पंचवीसदा ब्रेक मारून पॅड बसवले. चाक उचलून फिरवलं, मोकळं फिरतं. निपलची रबरी टोपी लावली. दहीवली फाट्यापर्यंत जाऊन आलो, परत आल्यावर सगळे जोड टिश्यूपेपरने पुसून पाहिले, कोरडे.

अर्धापाना काका, डबीवर चिकटपट्टी लावून आजची तारीख लिहिली आहे.

अर्धापाना | शुक्रवार, सकाळी ७:४०

उत्तम. दोन वर्षांनी बदला, कोकणातला दमटपणा बघता त्याच्या आतच. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° असतो, पाणी मुरलं की १५५° पर्यंत येतो. कुंभार्ली घाट उतरताना सलग ब्रेक धरलात आणि आतलं पाणी उकळलं तर परत लिव्हर हँडलला. तेव्हा मास्टर नवा असून उपयोग नाही.

जुना मास्टर टाकू नका. उभा कापून घ्या त्या टर्नरकडून. आमच्याकडे नवीन पोरांना शिकवायला असे कापलेले ठेवायचे.

वाशिष्ठीकाठ | शुक्रवार, सकाळी ७:५८

आजच देतो. फोटो इथेच टाकतो.

दुहेरीसीट | शुक्रवार, सकाळी ९:२०

सगळं वाचलं. माझी पण लिव्हर बसते, पण माझ्या मास्टरच्या रबरी टोपीखाली ओलं लागतं आणि पातळी उतरते. हे तेच का?

रिकामटेकडी | शुक्रवार, सकाळी ९:२६

नाही दादा, तुमचा मागचा सील गेलाय. ठोकळा न धरता आणखी लिव्हर दाबू नका आणि नवीन धागा काढा.